वेटरला काय विचारायचं, ते मिक्सरने शिकवलं

"बाहेर जेवायला गेलात की तुम्ही खाता काय?" आणि त्याच दमात, "घरी हे सगळं करायला कुठली यंत्रं घेतलीत?" मी व्हीगन आहे, म्हणजे प्राण्यांपासून आलेलं काहीच खात नाही, हे कळलं की हे दोन प्रश्न जोडीनेच येतात. परवा पुन्हा आले, आणि विचारणाऱ्याने महिन्याभरापूर्वीच दूध-अंडी सोडली होती. पुढच्या आठवड्यात त्याला दहा-बारा जणांबरोबर हॉटेलात जेवायला जायचंय, आणि त्याच्या आवाजात खरी काळजी होती. म्हणून या खेपेला दोन वाक्यांत न आटोपता, थेट त्यालाच उद्देशून, नीट लिहिते.

माझ्या लेखी हे दोन प्रश्न एकच आहेत. व्हीगन झाल्यावर पहिली दीड-दोन वर्षं मी बाहेर फार वाईट जेवले. सॅलड, उकडलेला बटाटा, कोरडा पाव. चांगलं मिळत नव्हतं असं नाही, मला विचारता येत नव्हतं. आणि विचारता येत नव्हतं, कारण पदार्थात लोणी, मलई, अंडं घालतात ते नेमकं कशासाठी, हेच मला ठाऊक नव्हतं. ती कामं घरी दुसऱ्या कशाकडून तरी करून घ्यायची वेळ आली, तेव्हा कुठे उमज पडली.

'व्हीगन' हा शब्द 1944 साली इंग्लंडमध्ये जन्मला. डोनाल्ड वॉटसन आणि त्याच्या मोजक्या सोबत्यांनी 'व्हेजिटेरियन' या इंग्रजी शब्दाची पहिली तीन आणि शेवटची दोन अक्षरं जोडून तो केला आणि त्याच वर्षी व्हीगन सोसायटी काढली. शब्दाने ऐंशी वर्षं ओलांडली, तरी हॉटेलच्या टेबलावर तो एकटा पुरत नाही. हे मी एका वाटीभर सूपावरून शिकले. "हे व्हीगन आहे ना?" असं विचारलं. "हो, पूर्ण भाज्यांचं आहे," असं उत्तर आलं. अर्धं सूप पोटात गेल्यावर बरोबरच्या मैत्रिणीने सहज चौकशी केली, तर भाज्या शिजवल्या होत्या कोंबडीच्या हाडांच्या पाण्यात. मला फार वाईट वाटलं, दोन दिवस ते मनातून जाईना. पण वाढणारा खोटं बोलला नव्हता. सूपात त्याला दिसत होत्या त्या भाज्याच होत्या. माझा प्रश्नच सैल होता.

तेव्हापासून मी 'व्हीगन' हा शब्द उच्चारते, पण तिथे थांबत नाही. नावं घेऊन विचारते: दूध, लोणी, मलई, चीज, अंडं, मध, हाडांचं किंवा मासळीचं पाणी, यातलं काही यात आहे का? आणि मग पदार्थ कसा होतो तो क्रम डोळ्यांसमोर आणते. सुरुवातीला भांड्यात काय पडतं, तेल की लोणी? शिजतो कशात, साध्या पाण्यात की हाडा-मासळीच्या स्टॉकमध्ये? आणि ताट बाहेर यायच्या आधी शेवटचा हात कशाचा फिरतो? हा शेवटचा हात फार फसवा असतो. सॉस गॅसवरून उतरवताना त्यात थंड लोण्याचा तुकडा घोळवतात, त्याने सॉस दाटतो आणि चकाकतो. मेनूकार्डावर ते लिहिलेलं नसतं, कारण आचाऱ्याच्या लेखी तो घटक नव्हेच, मिठासारखी सवय आहे. पावाच्या वरची तकाकी बऱ्याचदा अंड्याची किंवा दुधाची असते. वाळवलेला पास्ता सहसा गव्हाचा रवा आणि पाणी एवढ्याचाच असतो, ताज्या पास्त्यात मात्र बहुधा अंडं असतं. वूस्टरशायर सॉसमध्ये अँकोव्ही नावाची बारीक मासळी असते. कॉफीत घालायच्या 'नॉन-डेअरी' म्हणवणाऱ्या पावडरीत पुष्कळदा सोडियम केसिनेट असतं, आणि ते दुधाच्याच प्रथिनापासून होतं. जेलीतलं आणि मऊ गोळ्यांतलं जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्याचं. वाइन नितळ करायला माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीतून काढलेला आयसिंग्लास किंवा अंड्याचा पांढरा बलक वापरायची जुनी रीत आहे, ती सगळ्यांनी सोडलेली नाही.

यादी वाचून घाबरू नका. सगळं एका जेवणात विचारायचं नसतं. कुठे किती ताणायचं हे ज्याने त्याने ठरवावं. माझं ठरलेलं असं: पदार्थात जे घातलंय त्याबद्दल मी तडजोड करत नाही. तळणीचं तेल मासळीशी सामाईक असेल तर तो पदार्थ घेत नाही. पण तोच तवा पुसून वापरला, एवढ्यावरून मी उठून जात नाही. पाकिटावर 'यात दुधाचा अंश असू शकतो' असं छापलेलं असतं, ती सूचना ॲलर्जी असणाऱ्यांसाठी असते. एकाच कारखान्यात दुधाचा मालही बनतो, एवढंच ती सांगते.

आता त्याहून महत्त्वाचं. नवख्या माणसाची मोठी चूक ही की तो फक्त काढायला सांगतो. चीज काढा, लोणी काढा, मलई काढा. मग समोर येतं ते उघडंबोडकं ताट, आणि शेजारचे म्हणतात, बघा, यात काय आहे खायला! मी आता प्रत्येक 'काढा'च्या मागे एक 'घाला' जोडते. चीज जाणार असेल तर पदार्थातला खारटपणा आणि खमंगपणा जातो, त्या जागी भाजलेले दाणे, ऑलिव्ह, परतलेले मशरूम चालतील का? लोण्याऐवजी ऑलिव्ह तेल सढळ हाताने घालाल का? कुठल्याही बऱ्या स्वयंपाकघरात या गोष्टी हाताशी असतात. आचाऱ्याला तो काम देणारा प्रश्न असतो आणि बहुतेकांना तो आवडतो, हा माझा अनुभव आहे.

ही बदलाबदलीची बुद्धी मला मिक्सरने दिली. म्हणून यंत्रांच्या प्रश्नाकडे येते, आणि सुरुवात त्याच्यापासूनच करते. मिक्सर चांगला, दणकट मोटरचा घ्या. पैसे एकाच यंत्रावर टाकायचे असतील तर ते इथे टाका. काजू चार तास भिजवायचे, घाई असेल तर पंधरा मिनिटं उकळायचे, पाणी निथळून ताज्या पाण्यात गंधासारखे बारीक वाटायचे. झाली मलई. पाणी कमी घातलं की चमच्यावर उभी राहणारी, जास्त घातलं की ओतता येणारी. लिंबू आणि मीठ घातलं की सॅलडवर, लसूण घातला की पास्त्यावर. पहिल्यांदा केली तेव्हा लक्षात आलं की मलई म्हणजे पाण्यात अगदी बारीक विखुरलेला स्निग्धांश. तो गाईच्या दुधातलाच हवा अशी पदार्थाची काही अट नाही.

सोयाबीनचं दूध जरा अधिक मन लावून करावं लागतं. दाणे रात्रभर भिजवून गार पाण्यात वाटले तर कच्चट, हिरवट वास येतो आणि माणूस पहिल्याच घोटाला ते दूध कायमचं सोडतो. त्या वासाचं कारण लिपॉक्सिजिनेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम. दाणा फुटून पाणी लागलं की ते दाण्यातल्या तेलावर काम सुरू करतं. तेच दाणे कडकडीत पाण्यात वाटले तर उष्णतेने विकर तिथेच निकामी होतं आणि वास बराच मऊ पडतो. गरम वाटताना भांडं अर्ध्याहून अधिक भरू नका आणि झाकण फडक्याने धरा, वाफेने ते उडतं. मग मलमलच्या फडक्यातून पिळून गाळायचं आणि दूध ढवळत चांगलं पंधरा-वीस मिनिटं उकळायचं. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात, ते उकळल्याने बरेचसे नाहीसे होतात. हे दूध उतू जायला क्षणाचाही वेळ घेत नाही, तेव्हा भांडं उंच घ्या. त्यात जिप्सम किंवा निगारी, म्हणजे मुख्यतः मॅग्नेशियम क्लोराइड, घातलं की ते फाटतं आणि दाबून टोफू, म्हणजे सोयाचं पनीर, होतो. फडक्यात उरलेला चोथा टाकू नका, कटलेटमध्ये तो छान मिळून येतो.

दुसरी वस्तू प्रेशर कुकर. आत दाब वाढतो म्हणून पाणी शंभर अंशांऐवजी साधारण 120 अंशांपर्यंत तापतं आणि कडधान्यं निम्म्याहून कमी वेळात मऊ होतात. ज्या घरात प्रथिनांची भिस्त कडधान्यांवर आहे तिथे कुकर नसला तर माणूस थकून तयार पाकिटांकडे वळतो. इथे एक इशारा मनापासून देते. राजम्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं. ते घालवायला राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी ओतून देऊन, ताज्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळ उकळावा लागतो. मंद आचेवर तासन् तास शिजवणाऱ्या स्लो कुकरमध्ये तापमान पुष्कळदा तिथवर पोचत नाही, आणि अर्धवट तापलेल्या राजम्यात हा विषारीपणा उलट वाढू शकतो. म्हणून राजमा आधी उकळा, मगच स्लो कुकरमध्ये टाका.

काबुली हरभरे शिजवलेलं पाणी मात्र जपून ठेवा. 2014 साली फ्रान्सच्या जोएल रोसेल यांना दिसलं की ते फेटल्यावर अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा फेस धरतं. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या गूस वोल्ट यांनी नुसतं ते पाणी आणि साखर घेऊन मेरँग, म्हणजे एरवी अंड्याच्या फेसाची कुरकुरीत मिठाई, केलं. त्या पाण्याला 'ॲक्वाफाबा' हे नाव त्यांचंच. लॅटिनमध्ये ॲक्वा म्हणजे पाणी, फाबा म्हणजे शेंगेतला दाणा. पाणी आटवून, गार करून, बलकाइतकं चिकट झालं की तीन मोठे चमचे म्हणजे एक अंडं असा हिशेब. केकमध्ये नुसतं बांधून धरायचं काम असेल तर याचीही गरज नाही. एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं ठेवली की पुरते. फेस हवा की बंध हवा, हे आधी ओळखायचं.

बाकीचं थोडक्यात. धारदार सुरी आणि ती तशीच राहावी म्हणून धार लावायचा दगड, कारण या स्वयंपाकात चिरणं अफाट असतं. ग्रॅम दाखवणारा वजनकाटा. बिडाची जाड कढई, टोफू आणि मशरूम खरपूस व्हायला तिच्यासारखं दुसरं काही नाही. वर सांगितलेलं मलमलचं फडकं.

आणि जे घेऊ नका असं मी सांगते: टोफू दाबायचं खास यंत्र. दोन ताटल्या आणि वर पाण्याने भरलेलं पातेलं तेच काम करतं. त्याहून चांगलं हवं तर टोफू फ्रीजरमध्ये एक रात्र गोठवा, मग वितळू द्या. आतल्या बर्फाच्या कणांनी त्यात बारीक पोकळ्या होतात, पाणी हाताने पिळून निघतं आणि तो मसाला स्पंजासारखा ओढून घेतो. आपोआप दूध करणारं यंत्र रोज लिटरभर दूध लागणाऱ्या घरात ठीक आहे. एरवी मिक्सर आणि फडकं पुरे.

यंत्र नव्हे, पण स्वयंपाकघराच्या फळीवर हवंच असं एक म्हणजे ब-12 जीवनसत्त्वाची गोळी. वनस्पतींतून ते भरवशाने मिळत नाही. पौष्टिक यीस्टमध्ये मिळतं म्हणतात, पण मुद्दाम घातलेलं असेल तरच. पाकीट वाचा, मात्रा डॉक्टरांना विचारून घ्या, पण यात हयगय करू नका.

आता तुमचं पुढच्या आठवड्यातलं जेवण. जागा अजून ठरली नसेल तर हॅपीकाऊ ही यादी बघा. ती 1999 पासून चालू आहे आणि व्हीगन खाणं मिळणाऱ्या जगभरच्या जागा त्यात सापडतात. जागा ठरली असेल तर मेनू आधी वाचून दोन पदार्थ निवडा आणि फोन करा. दुपारचं जेवण उरकलंय आणि रात्रीची गर्दी सुरू झालेली नाही अशा वेळी करा, तेव्हा फोन घेणाऱ्याला आत जाऊन आचाऱ्याला विचारून यायला सवड असते. म्हणा, "आम्ही बाराजण येतोय, त्यातला एक दूध, लोणी, चीज, अंडं, मध, मांस-मासे यातलं काहीच खात नाही. तुमचं मशरूमचं ताट लोण्याऐवजी तेलात होईल का, आणि वरच्या चीजऐवजी भाजलेले दाणे घालता येतील का?" उत्तर देणाऱ्याचं नाव लिहून ठेवा. तिथे पोचल्यावर बाकीचे खुर्च्या ओढत असतानाच त्या माणसाला गाठा आणि फोनची आठवण द्या. मग टेबलावर सगळ्यांसमोर उलटतपासणी करायची वेळ येत नाही, आणि तुम्हालाही इतरांसारख्या निवांत गप्पा मारता येतात. ताट आवडलं तर निघताना आत निरोप पाठवा, पदार्थाचं नाव घेऊन.

कसं झालं ते कळवा. मला खरंच ऐकायचंय.