अण्णांच्या बाल्कनीसाठी हीटर शोधताना

मागच्या डिसेंबरात एका सकाळी अण्णांनी मला बाल्कनीतून हाक मारली. "आधी बटण बंद कर. मग त्या प्लगला हात लाव." लावला आणि लगेच काढला. प्लगच्या पाठीचं पांढरं प्लॅस्टिक पिवळं पडलं होतं आणि केस जळल्यासारखा वास येत होता. साडूंकडून मागून आणलेला तेलाचा हीटर चाळीस मिनिटं चालू होता. तेवढ्या वेळात बाल्कनीत धड गरम झालेली वस्तू एकच, तो प्लग. अण्णा शालीत तसेच काकडलेले.

"हीटर किती वॅटचा?"
"दोन हजार."
"दोनशेतीसने भाग."
मोबाईल काढला. ८.७ अँपिअर.
"आणि हे सॉकेट सहाचं. दिवाळीत इथे आकाशकंदील लावतोस, म्हणून हीटरही लावलास!"

अण्णा एमएसईबीतून निवृत्त झालेले. २००५ साली एमएसईबीचं महावितरण झालं, तरी त्यांच्या तोंडी अजून 'बोर्ड'च. सोळा अँपिअरचा जाड प्लग सहाच्या सॉकेटात बसवायचा कन्व्हर्टर मी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणला होता आणि वर स्वतःच्या हुशारीवर खूशही होतो. तो कन्व्हर्टर अण्णांनी जप्त केला. अजून त्यांच्या कपाटात आहे. घरी कुणी आलं की पुराव्यादाखल बाहेर निघतो.

"पुण्यात कसला हीटर?" असं विचारणारे आमचे नातेवाईक मुंबईचे. त्यांनी पाषाणची पहाट पाहिलेली नाही. डिसेंबर-जानेवारीत दुपारी पारा तिशीला टेकतो आणि काही पहाटे दहाच्याही खाली उतरतो. आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, बाल्कनी पूर्वेला, अकरा फूट लांब आणि जेमतेम साडेचार फूट रुंद. अण्णा एक्क्याऐंशी वर्षांचे. बरोबर सहाला चहा आणि पेपर घेऊन तिथे बसतात, शब्दकोडं सुटलं की उठतात. थंडीत गुडघे इतके आखडतात की उठताना माझा हात लागतो. हॉलमध्ये बसा म्हटलं तर "तिथे काय बघू, टीव्ही?" काचा बसवायच्या तर इमारतीची दर्शनी बाजू बदलते म्हणून सोसायटीची ना. अण्णांचीही ना. त्यांच्या मते मग ती बाल्कनी राहत नाही, खोली होते.

तेलाचा हीटर का हरला हे त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. तो हवा तापवतो, आणि उघड्या बाल्कनीत तापलेली हवा वाऱ्यावर बसून बाणेरला जाते. बंद खोलीत तोच हीटर उत्तम, साडूंना त्याचा दोष नाही. बाल्कनीत हवा तापवायच्या फंदात पडायचंच नाही, थेट माणूस शेकायचा. हिवाळ्यातल्या कोवळ्या उन्हात बसलं की भोवतालची हवा गारच असते, तरी पाठ शेकते. दोन पावलं सावलीत सरकलं की पुन्हा हुडहुडी. इन्फ्रारेड हीटर म्हणजे तेच ऊन, भिंतीला टांगलेलं.

हे कळल्यावर मी रात्री जागून नेटवर वाचत बसलो आणि आणखी गोंधळलो. जो तो हीटर 'वीज वाचवणारा'. अण्णांनी तो विषय एका फटक्यात मिटवला. "हजार वॅट म्हणजे हजार वॅट. कुठलाही हीटर घे, तेवढ्या विजेची तेवढीच उष्णता होणार. फरक फक्त ती जाते कुठे, एवढाच." मला आठ दिवसांच्या वाचनातून एवढं नेमकं काही मिळालं नव्हतं.

मग एका शनिवारी आम्ही दोघं रिक्षाने तपकीर गल्लीत गेलो. विजेच्या सामानाचं काहीही घ्यायचं तर अण्णांना बुधवार पेठच लागते. जाताना पासोड्या विठोबाला हात जोडले. पूर्वी त्या देवळाशी पासोड्या, म्हणजे पांघरायची जाडंभरडं वस्त्रं, विकायला बसत, म्हणून हे नाव. ऊब विकत घ्यायला माणसं या भागात कधीपासून येतायत, एवढंच माझ्या मनात आलं. अण्णा म्हणाले, "पासोडीला अर्थिंग लागत नाही."

दुकानदाराने काउंटरवर चार हीटर मांडले. सपाट पॅनेलवाला पहिल्यांदा. तो चालू झाल्याचं कळायला हात लावावा लागला, कारण तो लाल होतच नाही. लोहाराच्या भट्टीतल्या लोखंडासारखंच आहे: जितकं जास्त तापेल, तितका उजेड आणि तितकाच झोतही. पॅनेल कमी तापतं. त्याची बरीचशी उष्णता त्याला चिकटलेल्या हवेतच जाते आणि बाहेर वारा ती पळवतो. दुसरा क्वार्ट्झच्या दोन दांड्यांचा, आत तारेचं वेटोळं, लाल व्हायला मिनिटभर घेणारा. तिसरा हॅलोजन, बटण दाबताक्षणी लखलखणारा. त्याची तार दोन हजार अंशांच्या पुढे तापते, म्हणून एवढा उजेड. चौथा कार्बनचा, दोन-चार सेकंदांत नारिंगी होणारा.

दुकान आठ फुटी, आत दहा गिऱ्हाइकं. तिथे काहीही गरमच वाटणार. अण्णा म्हणाले, "हे इथे नको, बाहेर लावून दाखवा."

"काका, गल्लीत?"

"आमची बाल्कनी काय तुमच्या दुकानात आहे?"

दुकानदार हसला, पण एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन पायरीवर आला. गल्लीत वारा होता, स्कूटर जात होत्या. अण्णांनी तीन फुटांवरून हात धरला आणि डोळे मिटले. तेवढ्यात एक हमाल थांबला, त्यानेही हात पुढे केले, मग चहाचा किटली-पोरगा. दोन मिनिटांत पायरीवर शेकोटी. पॅनेलपुढे कुणी थांबलं नाही. हॅलोजन आणि कार्बनपुढून हमाल हलेना. मला वाटतं, आमच्या खरेदीतली खरी परीक्षा तेवढी एकच झाली.

तरीही मी चूक केलीच. कार्बनवाला महाग होता म्हणून बाराशे वॅटचा हॅलोजनचा स्टँड घेतला. सहाच्या सॉकेटातही चालणार, सव्वापाच अँपिअर. ऊब झकास. पण अण्णांच्या कोड्याचे पांढरे चौकोन लालभडक दिसायला लागले. "पोलिसांची गाडी दारात उभी असल्यासारखं वाटतं," असं चौथ्या दिवशी म्हणाले. त्यात स्टँड जमिनीवर, आणि अण्णांच्या धोतराचा सोगा त्याच्यापासून वीतभर. शिवाय कामाला येणाऱ्या मावशी बाल्कनी बादलीने धुतात. एकदा पाणी स्टँडच्या पायापर्यंत गेलेलं मी पाहिलं आणि त्याच दिवशी तो आत, माझ्या टेबलाखाली गेला. रात्रीच्या कामाला पायाशी बरा आहे.

आता ठरलं: भिंतीवरचा, पाण्याला दाद न देणारा, उजेड कमी असलेला. इथे अण्णांनी मला आयपीचा आकडा वाचायला शिकवलं. आयपीपुढे दोन अंक असतात. पहिला धूळ-बोटं आत जाण्याबद्दल, दुसरा पाण्याबद्दल. दुसरा अंक शून्य म्हणजे पाण्यापासून काहीच संरक्षण नाही. चार म्हणजे कुठूनही शिंतोडे आले तरी चालेल, पाच म्हणजे नळीच्या फवाऱ्यालाही तोंड देईल. आमच्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस तिरका येतो आणि हीटर काही दरवर्षी काढून ठेवला जाणार नाही. तेव्हा चारच्या खाली बघायचं नाही, पाच मिळाला तर सोन्याहून पिवळं. ऑनलाइन एका हीटरच्या नावातच 'आउटडोअर' होतं. विक्रेत्याला फोन करून मागच्या पट्टीचा फोटो मागवला, तर आयपी २०. नावावर न जाता पट्टी वाचा, एवढं मी आता भेटेल त्याला सांगतो.

शेवटी हॉटेलांना सामान पुरवणाऱ्या एका दुकानात मिळाला: कार्बनच्या दोन नळ्या, साडेसातशे आणि पंधराशे असे दोन टप्पे, आयपी ५५. अकरा हजार चारशे. अण्णांनी किंमत ऐकून चष्मा काढून पुसला. "चाळीस दिवसांच्या थंडीसाठी?" मी गुडघ्यांच्या डॉक्टरची फी सांगितली. चष्मा परत चढला.

पंधराशे वॅट म्हणजे साडेसहा अँपिअर, म्हणजे आकाशकंदिलाचं सॉकेट बादच. वायरमन म्हणाला, "साहेब, हॉलच्या एसीच्या पॉइंटवरून मारून देतो, अर्ध्या तासाचं काम." अण्णांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि तसं करू दिलं नाही. थेट डीबीपासून, म्हणजे घरभर वीज वाटणाऱ्या पेटीपासून, वेगळी लाइन ओढायची, अडीच स्क्वेअर मिलिमीटरची वायर, भार वाढला की पडणारा स्वतंत्र एमसीबी, सोळाचं सॉकेट, तेही पावसाची तिरीप न लागणाऱ्या बाजूला. अडचण एकच, हॉलच्या नव्या रंगावर केसिंगची पट्टी येणार. बायकोने ती पडद्याच्या पेल्मेटमागून वळवून घेतली आणि वायरमनने मीटरभर वायर जास्त लावली. डीबीत तीस मिलीअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारं बटण, आहे ना, हे अण्णांनी स्वतः उठून बघितलं. त्यावरचं टेस्टचं बटण ते दर एक तारखेला दाबतात. सगळ्या घराची वीज जाते आणि मुलगा ओरडतो. या घरात तो आता रिवाज झाला आहे.

हीटर लावायची जागा हा मात्र मला सोपा वाटलेला आणि सगळ्यात जास्त डोकं खाल्लेला भाग. पुस्तिकेत लिहिलेलं, जमिनीपासून किमान सहा फुटांवर, छतापासून वीतभर खाली, समोर मीटरभर मोकळं. आमच्या बाल्कनीत मोकळं काय आहे? छताला कपडे वाळत घालायच्या दांड्या, समोर कबुतरांची जाळी. ती नायलॉनची, वितळायला वेळ लागत नाही. खुर्चीमागच्या लांब भिंतीवर लावला असता तर झोत सरळ जाळीवर गेला असता. म्हणून दक्षिणेच्या आखूड भिंतीवर सात फुटांवर लावला, तोंड बाल्कनीच्या लांबीकडे आणि खाली झुकवून. त्या बाजूच्या दोन दांड्या काढल्या. बायकोशी त्यावर तह झाला: हिवाळ्यात कपडे ड्राय बाल्कनीत.

पहिल्या सकाळी अण्णा म्हणाले, "डोकं शेकतंय, गुडघे गारच." मी कोन बदलला, तरी तेच. मग लक्षात आलं, पेपर! ते हीटरकडे तोंड करून बसले होते आणि दोन्ही हातांत पेपर उघडला की गुडघे चक्क त्याच्या सावलीत जात होते. प्रकाशासारखीच या उष्णतेचीही सावली पडते. खुर्ची काटकोनात फिरवली, हीटर उजव्या अंगाला आला, पेपर समोर जाळीकडे. हीटर खुर्चीपासून पाच फूट. दहा मिनिटांनी अण्णांनी गुडघा दुमडून सरळ केला, पुन्हा दुमडला, आणि काही न बोलता कोडं सोडवायला लागले.

उत्तरेकडून येणारा वारा उरला होता. हीटर कितीही चांगला असला तरी वारा अंगावरची ऊब काढून घेतोच. त्या टोकाला बांबूची चिक सोडली, हीटरपासून पार लांब. चारशे रुपयांच्या चिकेने जेवढा फरक पडला, तेवढा पंधराशे वॅटचे दोन हजार करून पडला असता असं मला वाटत नाही. आता पहिली पंधरा मिनिटं पूर्ण पंधराशेवर, मग साडेसातशेवर, आणि सव्वासातला समोरच्या इमारतीवरून ऊन आलं की बंद.

जानेवारीचं बिल आलं तेव्हा मी जरा धसकलोच होतो. तीनशे युनिट ओलांडले की सगळंच बिल वरच्या दराने लागतं, असं शेजाऱ्यांनी ठामपणे सांगितलं होतं. अण्णांनी बिल हातात घेतलं, पेन्सिल कानावरून काढली. "सगळं नाही. तीनशेच्या वरचे तेवढेच युनिट महाग." आदल्या वर्षीच्या जानेवारीत २६८ होते, यंदा ३१७. म्हणजे वरच्या दराचे फक्त १७. मग ते मार्जिनमध्ये स्वतःचा हिशेब मांडायला लागले: पाव तास पूर्ण, एक तास अर्धा, रोजचा सव्वा युनिटही नाही, तीस दिवसांचे चौतीस. बिलात वाढलेले ४९.

"उरलेले पंधरा कुणाचे?"

रात्री अकराला अमेरिकेच्या ऑफिसशी फोनवर बोलायला माझी बायको बाल्कनीत जाऊन बसते, हे मला ठाऊक होतं. अण्णांनाही ठाऊक होतं. त्यांनी बिलावर पेन्सिलने लिहिलं, 'सूनबाई – १५', खाली रेघ मारली आणि बिल तिच्या लॅपटॉपवर नेऊन ठेवलं.