मांजरा धरणाच्या आसपास पाण्याचे आयसोटोप: मे महिन्यातली फेरी

मे मधे चार दिवस केज तालुक्यात धनेगावच्या आसपास फिरून आलो, मांजरा धरणाच्या अलीकडं-पलीकडं. पुढं कुणी जाणार असेल तर कामी येईल म्हणून लिहितोय.

बघायचं एवढंच होतं की पाझर तलावाचं पाणी खालच्या विहिरी-बोअरपर्यंत खरंच जातं का. पाण्यात थोडासा जड ऑक्सिजन-१८ आणि ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) असतो, हेच ते आयसोटोप, ऊन लागलं की हलकं पाणी आधी उडतं आणि जड मागं राहतं, त्यामुळं तलावाचं पाणी पावसाच्या रेषेवरून (आलेखावर पावसाचं पाणी जिच्यावर बसतं ती, शास्त्रज्ञ क्रेगने १९६१ मधे मांडलेली, ड्यूटेरियम = ८ × ऑक्सिजन-१८ + १०, दोन्ही समुद्राच्या पाण्यापासून दर हजारी किती फरक त्यात) खाली सरकतं. तसंच सरकलेलं पाणी विहिरीत दिसलं की तलाव तिथवर पोचला समजायचं.

निघायच्या आधी मोटारींची थ्री फेज वीज कधी असते ते विचारून घ्या. आमच्या आठवड्यात रात्रीची पाळी होती, म्हणजे बोअरची सगळी सॅम्पल्स रात्री अकरानंतर बॅटरीच्या उजेडात. मोटार चालू झाल्यावर पहिलं पाणी घेऊ नका, पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या, ईसी (पाण्याची वीजवाहकता) आणि तापमान एका जागी थांबलं की मगच बाटली धरा. शेततळ्यातलं पाणी "बोअरचंच हाय की" म्हणून प्रेमानं देतात पण ते उन्हात तापलेलं, उडालेलं असतं, त्यावरून बोअरचं काहीच कळत नाही.

बाटली जाड प्लास्टिकची, आतलं झाकणही घट्ट बसणारी. काठोकाठ भरा, उलटी करून बुडबुडा नाही ना बघा, झाकणाला टेप गुंडाळा, सावलीत ठेवा. ॲसिड टाकायचं नाही. आमच्या पहिल्या दिवशीच्या सहा बाटल्या गळ्यापर्यंतच भरलेल्या, झाकणं सैल, वर गाडीत तापल्या, त्या सोडून द्याव्या लागल्या आणि ती गावं परत फिरावी लागली. फार वाईट वाटलं.

आयसोटोप मोजायचं लेझर मशीन शाळेच्या खोलीत लावलं होतं. व्होल्टेज खालीवर होतं, उकाडा, एका सॅम्पलची सहा इंजेक्शनं, त्यातली पहिली तीन सोडायची कारण आधीच्या पाण्याचा अंश मशीनमधे राहतो, मधेमधे स्टँडर्ड, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेलं पाणी. खारट पाण्यानं सिरिंज अडकते. माझं मत, मे मधे मशीन नेऊच नका, बाटल्या नीट भरा आणि लॅबमधे मोजा.

लोक पाणाडे समजून "काका, पॉइंट दाखवा की" म्हणतात. बसून समजावून सांगा. "प्यायला चांगलं हाय का" हे आयसोटोपवरून कळत नाही, त्याच्यासाठी नायट्रेट-फ्लोराईडची वेगळी बाटली भरून घ्या आणि रिपोर्ट न विसरता गावात पोचवा. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं ते याच धरणाच्या कोरड्या वर्षी, इथं प्रत्येकाला पाण्याचं पडलेलं असतं.

तलावाखालच्या उथळ विहिरी, मुरूम आणि मांजऱ्या (मऊ, झिजलेला खडक) थरातल्या, तलावासारख्याच सरकलेल्या निघाल्या. चारशे फुटी बोअर मात्र पावसाच्या रेषेलाच चिकटलेले. म्हणजे निदान आम्ही घेतलेल्या बोअरमधे तलावाचं पाणी दिसलं नाही.

आता तुलनेसाठी इथल्या पावसाचं पाणी हवंय. दोन गावांत मास्तरांकडं कॅन देऊन आलोय, आत लिक्विड पॅराफिनचा थर, म्हणजे साठलेलं पाणी उडत नाही. जुलैपासून दर महिन्याच्या शेवटी भरून ठेवणार आहेत.