शेकडो वर्षे सांभाळलेली झाडे

टोकियोच्या उएनो स्थानकावरून उत्सुनोमिया मार्गाची गाडी घेतली की अर्ध्या तासात तोरो येते. तिथून पाचेक मिनिटे चालले की ओमिया बोन्साय कला संग्रहालय लागते. सायतामा शहराने 2010 च्या मार्चमध्ये सुरू केलेले हे संग्रहालय केवळ बोन्सायला वाहिलेले आहे. बोन्साय म्हणजे झाडाला उपाशी ठेवून खुजे करणे, अशी आपल्याकडे अनेकांची समजूत असते आणि काही घरांत तर ते अशुभही मानतात. अशा प्रत्येकाने ही झाडे एकदा पाहावीत, असे मला मनापासून वाटते.

इथल्या संग्रहातील ‘चियो नो मात्सु’ हे पाइनचे झाड पाचशे वर्षांचे, तर ‘तोदोरोकी’ हे एझो स्प्रूस हजार वर्षांचे असावे, असे मानले जाते. उपासमार झालेले झाड इतके जगलेच नसते. दर काही वर्षांनी झाड कुंडीतून काढून मुळे छाटतात व ताजी माती घालतात, म्हणजे अन्नपाणी शोषणारी नवी कोवळी मुळे फुटत राहतात. पाणी घालायला शिकण्यातच तीन वर्षे जातात, असे इथले जाणकार म्हणतात, कारण प्रत्येक झाडाची तहान ऋतूप्रमाणे आणि कुंडीप्रमाणे वेगळी असते.

एका ज्युनिपरपुढे मी बराच वेळ थांबले. त्याच्या खोडाचा मोठा भाग वठून पांढराफटक पडला होता आणि त्याला वळसे घालत सजीव सालीची एक तांबूस पट्टी वर चढली होती; तेवढ्या पट्टीवर माथ्याचा सारा गर्द हिरवा पसारा तगून होता. वठलेल्या फांदीला ‘जिन’ आणि खोडाच्या वठलेल्या भागाला ‘शारी’ म्हणतात. हे लाकूड कुजू नये म्हणून त्याला चुना व गंधकाचे द्रावण लावतात. मेलेला भाग कापून न टाकता तो असा जपून समोर ठेवणे, हे मला या कलेतले सर्वांत मोठे धैर्य वाटते. झाडाला दर्शनी बाजू असते, तिच्यासमोर थोडे वाकून आधी पसरलेली मुळे, मग खोडाचा उठाव आणि शेवटी फांद्या पाहायच्या. आतल्या दालनांत, पारंपरिक बैठकीच्या खोल्यांमध्ये मांडलेली झाडे थोड्याच दिवसांत पुन्हा बाहेर नेतात, कारण त्यांना ऊन, वारा आणि थंडी लागतेच.

संग्रहालयाला लागूनच बोन्सायचे गाव आहे. 1923 च्या भूकंपानंतर टोकियोतील बोन्साय-व्यावसायिकांनी चांगले पाणी, माती आणि मोकळी हवा शोधत 1925 मध्ये इथे वस्ती केली. प्रत्येकाकडे किमान दहा बोन्साय असावेत, फाटक सर्वांसाठी उघडे ठेवावे, दुमजली घर बांधू नये आणि कुंपण झुडपांचेच असावे, असे नियम त्यांनी स्वतःला घालून घेतले होते. आज बोटांवर मोजण्याइतक्याच बागा उरल्या असल्या, तरी त्या पाहता येतात. यायचे असेल तर गुरुवार टाळा, त्या दिवशी संग्रहालय बंद असते. आणि जमल्यास 3 ते 5 मे या दिवसांत या, तेव्हा गावात बोन्सायचा मोठा उत्सव भरतो.