पसारा-वही, आठवडे ११ ते १४: परत ठेवायला किती हालचाली?

पहिले दहा आठवडे मी घरातून बाहेर काढलेल्या वस्तू मोजत होते. आकडा छान वाढत होता, पण जेवणाचं टेबल रोज संध्याकाळी पुन्हा भरलेलं असायचं. म्हणून या चार आठवड्यांत माप बदललं. आता मी एवढंच मोजते: एखादी वस्तू वापरून झाल्यावर जागेवर ठेवायला हाताला किती हालचाली कराव्या लागतात.

याची सुरुवात कात्रीवरून झाली. कात्रीची जागा ठरलेली होती, तरी ती कायम टेबलावरच सापडायची. एकदा ती सावकाश जागेवर ठेवून पाहिली आणि प्रत्येक पायरी लिहून काढली. कपाटाचं दार उघडायचं. पुढची लोकरीची टोपली उचलून जमिनीवर ठेवायची. मागचा डबा ओढायचा. झाकण काढायचं. कात्री आत. झाकण लावायचं. डबा मागे ढकलायचा. टोपली वर. दार बंद. एका कात्रीसाठी नऊ हालचाली! घरात कुणीही ती जागेवर ठेवत नव्हतं याचं मला आता जराही नवल वाटत नाही.

मग तीन दिवस टेबलावर आलेली प्रत्येक वस्तू वहीत लिहिली, आणि पुढे तिच्या परतीच्या हालचाली. एकूण २३ वस्तू झाल्या. त्यातल्या सहा वस्तूंना घरात जागाच नव्हती. अकरा वस्तूंची जागा पाच किंवा जास्त हालचालींवर होती. म्हणजे २३ पैकी १७ वस्तूंच्या बाबतीत दोष माणसांचा नव्हता, मी नेमून दिलेल्या जागेचा होता. माझ्यासाठी हा या वहीतला सगळ्यात मोठा शोध आहे.

हालचाली मोजण्याची कल्पना अर्थात जुनी आहे. फ्रँक आणि लिलियन गिल्ब्रेथ या अमेरिकन जोडप्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कामाच्या हालचालींचा बारकाईने अभ्यास केला. फ्रँक गवंडीकामातून वर आलेले. एक वीट रचायच्या १८ हालचाली त्यांनी साडेचारवर आणल्या. गवंड्याला दर विटेसाठी वाकावं लागू नये म्हणून विटा हाताच्या उंचीवर ठेवायची सोय करणं, हा त्यातला महत्त्वाचा भाग होता. पुढे लिलियन यांनी हीच नजर घरकामाकडे आणि स्वयंपाकघराच्या मांडणीकडे वळवली. हाताच्या कामाचे जे मूळ तुकडे या दोघांनी पाडले, त्यांना ‘थर्ब्लिग’ म्हणतात. त्यांच्या आडनावाची अक्षरं जवळजवळ उलटी लावली की हे नाव होतं. त्या यादीत ‘शोधणे’ हा एक स्वतंत्र तुकडा आहे. घर आवरणाऱ्या माणसाला यापेक्षा ओळखीचा तुकडा कुठला असणार!

आठवडा ११: झाकणं

कपाटाच्या आतल्या डब्यांची १४ झाकणं काढून टाकली. कपाटाला दार आहे, धूळ तिथेच अडते. आत पुन्हा झाकण म्हणजे दर वेळी दोन जादा हालचाली. उघड्या फळीवरच्या डब्यांची झाकणं मात्र ठेवली. खोल फळीवर पुढे-मागे दोन रांगा लावायचंही बंद केलं. मागची रांग दिसत नाही आणि काढताना पुढची हलवावी लागते. त्याऐवजी फळीच्या खोलीइतका लांब उथळ ट्रे ठेवला. तो खणासारखा पुढे ओढला की मागचं सगळं समोर येतं. ट्रे घेण्याआधी फळीची आतली खोली मोजा आणि दाराच्या बिजागरीमुळे जाणारी जागा वजा करा. माझा पहिला ट्रे बिजागरीला अडला आणि बदलावा लागला.

कात्री आता कपाटाच्या बाजूच्या पट्टीवर आकड्याला लटकते. एक हालचाल.

आठवडा १२: वायरींचा खोका

या आठवड्यात सगळ्यात जास्त शिकले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

खोक्यात ३१ वायरी आणि नऊ अडॅप्टर निघाले. अडॅप्टरच्या अंगावर ‘आउटपुट’ लिहिलेलं असतं, ते भिंगातून वाचावं लागलं. व्होल्ट उपकरणाला हवे तेवढेच असले पाहिजेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत. गोल पिनेच्या अडॅप्टरवर धन-ऋण दाखवणारी छोटी आकृतीही असते, तीही जुळली पाहिजे. नऊ आणि बारा व्होल्टच्या दोन अडॅप्टरांची पिन माझ्याकडे अगदी सारखी निघाली. नुसतं ‘बसतंय’ म्हणून लावलं असतं तर उपकरण गेलं असतं. आता प्रत्येकाला दोन ठिकाणी कागदी टेप आहे, ठोकळ्यावर आणि पिनेजवळ: ‘राउटर, १२ व्होल्ट’. पिनेजवळची चिठ्ठी जास्त कामाची, कारण टेबलामागे हात घातला की तेच टोक हाती येतं.

यूएसबीच्या वायरी तोंडावरून वेगळ्या केल्या: मिनी, मायक्रो, टाइप-सी. मग प्रत्येक वायर फोन आणि संगणकाला जोडून पाहिली. चार वायरींनी फोन चार्ज होतो, पण संगणकाला तो दिसतच नाही. त्या फक्त चार्जिंगच्या, त्यांच्यात माहिती नेणाऱ्या तारा नसतात. त्यांना लाल टेप लावला. फोटो संगणकावर घेताना ‘फोन बिघडला’ म्हणून अर्धा तास घालवायची वेळ आता येणार नाही. युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना टाइप-सी सक्तीचं झालं, तेव्हा मायक्रोची गरज पुढे कमीच होणार. दोन मायक्रो आणि जुन्या कॅमेऱ्यासाठी एक मिनी ठेवली, बाकीच्या ई-कचऱ्यात दिल्या.

वायर अडॅप्टरभोवती घट्ट गुंडाळू नका. ती ठोकळ्यातून जिथे बाहेर येते, त्या मानेशी दुमडून आतून तुटते. सैल वेटोळं करा, एक वळसा सरळ, पुढचा उलटा, आणि वर कापडी चिकटपट्टी. ध्वनियंत्रणेवर काम करणारे लोक असंच गुंडाळतात. वायर पिळत नाही आणि सोडताना गाठ पडत नाही.

खोक्याच्या तळाशी एक टॉर्च होती. झाकण फिरेना. जोर लावून उघडली तर स्प्रिंगवर पांढरी, खरबरीत भुकटी साठली होती. अल्कलाइन सेल गळला की आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिसळून ही भुकटी बनते. हातमोजे घालून, कापूस गुंडाळलेल्या काडीला थोडं व्हिनेगर लावून पुसलं. बारीक फेस आला, मग कोरड्या काडीने पुन्हा पुसलं. टॉर्च लागली! क्वचित वापरायच्या उपकरणातले सेल मी आता काढूनच ठेवते. चौकोनी नऊ व्होल्टच्या सेलच्या टोकांवर टेप लावला, कारण दोन्ही टोकं एकाच बाजूला असतात आणि खणातल्या किल्लीनेही ती जोडली जाऊन तापू शकतात. बटण सेल वरच्या, कुलपाच्या खणात गेले. लहान मूल घरात असेल तर या कामात अजिबात चालढकल करू नका.

आठवडा १३: कागद

विषयवार फायली मी दोनदा करून सोडल्या आहेत. या वेळी जपानी अर्थतज्ज्ञ युकिओ नोगुची यांची पद्धत घेतली. प्रत्येक प्रकरणाचं एक मोठं पाकीट, वर नाव, सगळी फळीवर उभी. वापरलेलं पाकीट परत ठेवताना नेहमी डाव्या टोकाला. न लागणारी पाकिटं आपोआप उजवीकडे सरकतात. वर्गवारी करायची नसल्यामुळे परतीची हालचाल एकच, आणि वर्षाअखेरीस चाळायला फक्त उजवं टोक.

वॉरंटीच्या पावत्यांची वेगळी अडचण आहे. गुळगुळीत पावतीवर नख घासा. काळी रेघ उमटली तर तो उष्णतेने छापायचा कागद. ऊन, उष्णता आणि काही प्लॅस्टिकच्या पाकिटांमुळे त्यावरची अक्षरं उडतात. माझ्या दोन पावत्या कोऱ्या झालेल्या सापडल्या, दोन्ही प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवलेल्या. आता पावती हाती आली की त्याच दिवशी फोटो काढते.

आठवडा १४: खरी परीक्षा

मुलाला ताप आला. पाच दिवस मी काहीही आवरलं नाही, मुद्दाम ठरवून नव्हे, वेळच नव्हता. सहाव्या दिवशी वही घेऊन टेबलापाशी बसले. १२ वस्तू होत्या. एक किंवा दोन हालचालींच्या वस्तूंपैकी टेबलावर फक्त एक होती, थर्मामीटर, आणि तो वापरात होता. कात्री आकड्यावर. चार्जर ट्रेमध्ये. बाकीच्या अकरामध्ये तीन पिशव्या, एक दप्तर, दोन छत्र्या, आणि औषधाच्या डब्याभोवतीच्या पाच वस्तू. त्या डब्याला घट्ट झाकण आहे आणि ते तसंच राहिलं पाहिजे, उंचावरही राहिलं पाहिजे. इथे मी हालचाली कमी करणार नाही. चालू औषधांचं वेळापत्रक मात्र डब्याच्या बाहेर चिकटवलं.

पिशव्या, दप्तर आणि छत्र्या आठवडा १५ साठी. दाराच्या आतल्या बाजूला ६२ सेंटिमीटर मोकळी भिंत आहे. आज मुलाला तिथे उभं केलं, दप्तर पाठीवरून उतरवायला सांगितलं आणि दप्तराचा पट्टा हातातून सुटतो त्या उंचीवर पेन्सिलने खूण केली. जमिनीपासून ९४ सेंटिमीटर. मी डोळ्यांनी अंदाज करून दप्तर अडकवायचा आकडा लावला असता तर तो ३० सेंटिमीटर वर गेला असता. शनिवारी ड्रिल.