तुम्ही विचारलंत म्हणून: पोटात असताना काय झालं होतं?

हळदीकुंकवाचं वाण घेता घेता कुणीतरी विचारतंच, "पोटुशी असताना काही खाण्यात आलं होतं का गं? ग्रहण पाळलं होतंस ना?" माझ्या लेकीला चौदाव्या महिन्यात लिव्हरचा कॅन्सर निघाला, त्याचं कारण माझ्या ताटात शोधलं जातं.

काकू, सगळं पाळलं होतं. सातव्या महिन्यात बीपी चढलं, सिझर करावं लागलं आणि ९८० ग्रॅमची पोर काचेच्या पेटीत गेली. नागपूरचा मे महिना, बाहेर ४५ डिग्री, आणि तिला मात्र पेटीत ऊब द्यावी लागत होती.

पुढे एकदा अंघोळ घालताना तिच्या उजव्या बरगडीखाली तळहाताला टणक लागलं, वाटीच्या बुडासारखं. दात येत असतील, पोट फुगलं असेल म्हणून डिकेमाली लावून दोन दिवस काढले. ते दोन दिवस मला अजून आठवतात. मग सोनोग्राफी, एएफपीची (लिव्हरच्या अशा गाठीत रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाची) तपासणी, तुकडा काढून तपासणी. हेपॅटोब्लास्टोमा.

हा आजार बहुतेक तीन वर्षांच्या आतल्या लेकरांना होतो, दहा लाख मुलांमागे वर्षाला एखाद-दुसऱ्याला. गरोदरपण-बाळंतपणातल्या गोष्टींपैकी त्याच्याशी सगळ्यात पक्का संबंध दिसलाय तो जन्माच्या वजनाचा. दीड किलोच्या आतल्या बाळांना धोका इतरांच्या २० पट, काही अभ्यासांत त्याहून जास्त. तरी अशा बहुतेक बाळांना तो कधीच होत नाही. पपई, ग्रहण यांचा त्यात काही संबंध नाही.

"तुला कावीळ झाली होती का?" असंही विचारतात. ते वेगळं. आईकडून बाळाला काविळीचा हिपॅटायटिस बी विषाणू गेला, तर पुढे मोठेपणी दुसऱ्या प्रकारचा लिव्हर कॅन्सर होऊ शकतो. म्हणून तर जन्मल्यावर २४ तासांच्या आत लस टोचतात. ती चुकवू नका.

आणि एक सांगू? तिच्या बाबांना आजवर कुणी काही विचारलं नाही. ते सिगारेट ओढत नाहीत, पण आईबापांचं धूम्रपान या आजाराशी जोडलेलं आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं मान्य केलंय. प्रश्न मात्र फक्त मलाच.

केमो झाली, ऑपरेशन झालं. आता ती चार वर्षांची आहे, पोटावरच्या आडव्या व्रणाला "माझी रेघ" म्हणते. विचारा, मी सांगेन. फक्त तिच्या देखत नको. परवा तिनं मला विचारलं, "आई, तू काय खाल्लं होतंस?"