डोळ्याखालची सूज

शेरू हा कुत्रा माझ्या दवाखान्यात तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याच्या उजव्या डोळ्याखालची सूज फुटली होती आणि गालावरून पू ओघळत होता. आधीच्या दोन्ही खेपांना मीच त्याला तपासलं होतं. पहिल्यांदा वाटलं कीटक चावला असेल. दुसऱ्यांदा गळू समजून अँटिबायोटिक दिलं. औषध चालू असेपर्यंत सूज उतरायची, थांबलं की पुन्हा वर यायची. दोन्ही वेळा मी डोळा नीट पाहिला, पण ओठ उचलून दाढा पाहिल्या नाहीत. ही चूक माझी, आणि ती अजून सलते.

त्या दिवशी ओठ वर केला. डावीकडच्या दाढा बऱ्यापैकी स्वच्छ, उजवीकडच्या तपकिरी कीटणाने लिंपलेल्या. दुखतं म्हणून त्याने उजवीकडून चावणंच सोडलं होतं. न वापरलेल्या बाजूवर थर भराभर चढतो. वरच्या मोठ्या दाढेचा बाहेरचा कपचा उडाला होता आणि मधोमध काळा ठिपका दिसत होता. नस उघडी पडून मेली होती. या दाढेला तीन मुळं असतात आणि ती डोळ्याच्या खालीच हाडात रुतलेली असतात. मुळाशी पू झाला की सूज वर येते ती तिथे.

"पण डॉक्टर, खाणं एकदाही टाकलं नाही हो त्याने," शेरूचे मालक, काका म्हणाले. कुत्री दुखणं लपवतात आणि खात राहतात. यात भले भले फसतात, मीही फसलोच होतो. मग ते हळूच म्हणाले, "दात साफ राहावेत म्हणून मीच त्याला हाड देत होतो."

त्यांचा चेहरा पाहून मला फार वाईट वाटलं. हा समज घराघरांत आहे. पण कडक हाड, शिंग, दगड यांनी अशीच दाढ फुटते. अंगठ्याचं नख दाबून ज्यात खळगा पडत नाही ते चावायला देऊ नये, एवढं मी त्यांना सांगितलं.

पूर्ण भूल दिली, श्वासनलिकेत नळी घातली, एक्स-रे काढला. मुळाच्या टोकाशी हाड विरघळून काळं वर्तुळ झालं होतं. दाढेचे तीन तुकडे केले, एकेक मूळ सोडवून काढलं, वर हिरडी शिवली. बाकीच्या दातांचं कीटण हिरडीच्या आतपर्यंत खरवडलं. हे काम भुलीशिवाय होत नाही. वरवरचं खरवडून दात चकचकीत दिसतात, पण रोग हिरडीखालीच राहतो.

जखम भरल्यावर काकांना ब्रश करायला शिकवलं. जबडा उघडायचा नाही, फक्त ओठ उचलायचा. आधी काही दिवस नुसतं बोट फिरवायचं, मग मऊ ब्रश. दातांची बाहेरची बाजू, त्यातही वरच्या मागच्या दाढा महत्त्वाच्या, कारण लाळग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात आणि कीटण तिथेच जास्त धरतं. पेस्ट कुत्र्यांचीच. आपल्या पेस्टमधलं फ्लोराइड ते गिळतात, आणि तिच्यात झायलिटॉल (गोडीसाठी घालतात तो पदार्थ) असेल तर ते जिवावर बेतू शकतं. आणि हे रोज करायचं. दातांवरचा मऊ थर दोन-तीन दिवसांत घट्ट होऊ लागतो, मग तो ब्रशने निघत नाही.

पुढच्या तपासणीला शेरूने टेबलावर टाकलेला खाऊ उजवीकडून चावला. काका दोनदा वाकून बघत होते, खरंच उजवीकडूनच का.