चिऱ्याची भिंत आणि फुटलेला पाइप

आज मालवणच्या घरी न्हाणीघरात कपाट बसवताना सुताराचा ड्रिल थेट भिंतीतल्या पाइपात घुसला. चिळकांडी समोरच्या भिंतीवर! बाबांनी धावत जाऊन टाकीचा वॉल्व्ह बंद केला, तोवर खोलीभर तांबडं पाणी. जांभा चिरा म्हणजे कोकणातला तांबडा दगड, सच्छिद्र; ओल पलीकडच्या खोलीतही उतरली. पाइपांचे फोटो गिलाव्याआधी काढलेले असते, तर हे टळलं असतं; घर बांधणाऱ्यांनी नक्की काढा. प्लंबरकाका अर्ध्या जेवणावरून आले. छिन्नीने हळूहळू चिरा फोडला, फुटका तुकडा कापला, सीपीव्हीसीचा (प्लास्टिकचा) कपलर, म्हणजे जोडतुकडा, सोल्युशनने चिकटवला. "रातभर पाणी सोडू नकात, सांधो सुकांदे." सुतार पार कानकोंडा झाला होता, आईने पहिला चहा त्यालाच दिला. मला फार बरं वाटलं. भिंत पूर्ण वाळल्यावरच गिलावा, तोही पावसाआधी.